आर्टुर श्नाबेल आणि बत्तीस सोनाटे

आमच्या शाळेच्या सभागृहांत डाव्या कोपऱ्यांत जो जुना पियानो आहे तो सर्व विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. नाताळ व वार्षिक संमेलन या दोन प्रसंगीं त्याची धूळ झटकली जाते. एरवीं त्याच्या पाठीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले असतात. गेल्या संमेलनाच्या तयारींत नववींतील कांहीं मुलांनीं त्या पियानोच्या साथीनें स्वागतगीत बसविलें व तें मोबाइलवर मुद्रित केलें. एका ठिकाणीं साथीचा स्वर चुकला, म्हणून तें पुसून त्यांनीं पुन्हां म्हटलें. पुढच्या खेपेस कोणी खोकलें, म्हणून तेंहि पुसलें. असें सतरा वेळां झालें. अठराव्या खेपेस एकहि चूक झाली नाहीं, परंतु गाणाऱ्यांच्या आवाजांत कांहीं उरलेंहि नव्हतें. शाळा सुटल्याची घंटा केव्हां होते इकडेच सर्वांचें लक्ष होतें. मुलें समाधानानें घरीं गेलीं. मी मात्र बराच वेळ त्या पियानोपाशीं बसून राहिलों, आणि मला आर्टुर श्नाबेल यांची आठवण झाली.

श्नाबेल हे मागील शतकाच्या पूर्वार्धांतील मोठे पियानोवादक. बीथोव्हेनचे बत्तीसहि सोनाटे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर संपूर्ण उतरविणारे पहिले वादक तेच होत. त्यांच्या त्या तबकड्यांत चुका आहेत. कानाला स्पष्ट ऐकूं येतील अशा आहेत. तरी नव्वद वर्षें होऊन गेलीं, जगांतील जाणते लोक अजून त्याच ऐकतात. हें कसें घडलें तें समजून घेण्यासाठीं त्यांचें चरित्र थोडें पाहिलें पाहिजे.

प्रथम सोनाटा म्हणजे काय तें सांगतों. आपल्याकडे गवई राग मांडतो तेव्हां रागाची चौकट परंपरेनें आलेली असते, परंतु त्या दिवशींचे आलाप व ताना त्याच्या स्वतःच्या असतात. त्या कोणी कागदावर लिहून ठेविलेल्या नसतात. पाश्चात्य संगीतांत रीत वेगळी आहे. तेथें रचनाकार प्रत्येक स्वर, त्याची लांबी, तो हलक्या हातानें काढावयाचा कीं जोरानें, हें सारें लिहून ठेवितो, आणि वादकानें तें वाचून वाजवावयाचें असतें. सोनाटा ही अशीच एक लिहिलेली रचना. तिचे बहुधा तीन किंवा चार खंड असतात, कांहीं द्रुत, कांहीं विलंबित. जर्मनींतील बॉन शहरीं १७७० सालीं जन्मलेल्या व १८२७ सालीं व्हिएन्ना येथें निवर्तलेल्या बीथोव्हेननें पियानोसाठीं असे बत्तीस सोनाटे लिहिले. त्यांपैकीं शेवटचे त्यानें जवळजवळ पूर्ण बहिरेपण आल्यावर लिहिले. ते त्याच्या मनाच्या कानांनींच काय ते ऐकले असतील. सगळे एकामागून एक वाजविले तर सुमारें दहा तास लागतात. जें लिहिलें आहे तेंच सर्वांनीं वाजवावयाचें, तर मग एक वादक थोर व दुसरा सामान्य कां ठरावा, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. पण एकच अभंग दोन कीर्तनकारांच्या तोंडून ज्यानें ऐकला आहे तो ही शंका काढणार नाहीं.

आर्टुरचा जन्म १७ एप्रिल १८८२ रोजीं लिपनिक नांवाच्या खेड्यांत झाला. तें खेडें त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत मोडत असे. आज तो मुलूख पोलंड देशांत आहे. घराणें यहुदी होतें. वडील इसिडोर हे कापडाचा व्यापार करीत. आईचें नांव एर्नेस्टिन. तीन भावंडांत आर्टुर सर्वांत धाकटा. तो दोन वर्षांचा असतां कुटुंब व्हिएन्नास आलें. बहीण क्लारा हिला पियानो शिकविला जात असे. हें चार वर्षांचें पोर शेजारीं बसून ऐके, आणि एके दिवशीं कोणी न सांगतां तिचा धडा आपणच वाजवूं लागलें. घरांतील मंडळींनीं वेळींच ओळखलें कीं शिक्षक कोणासाठीं लावावयास पाहिजे होता. बिचाऱ्या क्लारेच्या मनाला काय वाटलें असेल तें चरित्रकार सांगत नाहींत.

नवव्या वर्षीं त्याला टेओडोर लेशेटित्स्की यांच्याकडे नेण्यांत आलें. त्या काळीं युरोपांतील व रशियांतील मुलें पियानो शिकण्यासाठीं व्हिएन्नास याच गुरूच्या दाराशीं येत. लेशेटित्स्की हे चेर्नी याचे शिष्य, आणि चेर्नी हा प्रत्यक्ष बीथोव्हेनचा शिष्य. आपल्याकडील गवयांच्या भाषेंत बोलावयाचें तर हा मुलगा बीथोव्हेनच्या घराण्याचा गंडाबंद शागीर्द झाला. आरंभीं वर्षभर त्याला गुरूंच्या पत्नी ॲना येसिपोव्हा यांनीं तयार केलें. त्या स्वतः नामांकित वादक होत्या. गुरु मोठे करड्या शिस्तीचे. हा मुलगा पियानोवादक होणार नाहीं, तो संगीतज्ञ आहे, असें ते वरचेवर बोलून दाखवीत. ही निंदा म्हणावी कीं स्तुति हें त्या वयांत मुलाला कळणें कठीण. परंतु गुरूंनीं त्याप्रमाणें वागूनहि दाखविलें. इतर शिष्यांस ते झगझगीत, बोटांची करामत दाखविणारे तुकडे देत. आर्टुरला त्यांनीं शूबर्टचे सोनाटे वाजवावयास लाविलें, जे त्या काळीं व्हिएन्नांतसुद्धां फारसें कोणी वाजवीत नसे.

संगीतशास्त्राचे धडे त्यानें मांडिचेव्हस्की या विद्वान ग्रंथपालांकडे घेतले. हे गृहस्थ थोर रचनाकार ब्राह्म्स यांचे विश्वासांतले. ग्रंथालयांत त्या मुलाला बीथोव्हेन, मोत्सार्ट, शूबर्ट यांच्या हस्तलिखितांत वाटेल तितका वेळ घालवितां येई. आणि रविवारीं व्हिएन्नाबाहेरच्या टेकड्यांवर वृद्ध ब्राह्म्स मित्रमंडळीसह फिरावयास निघत, तेव्हां हा पोरगाहि त्यांच्या मागें असे. पुढें श्नाबेल यांच्याविषयीं लोक विचारीत कीं इतकी गंभीर वृत्ति यांनीं कोठून आणिली. ज्या मुलाचें लहानपण अशा माणसांच्या पायवाटेवर गेलें त्याच्याविषयीं हा प्रश्न पडूं नये.

१८९७ सालीं व्हिएन्ना येथें त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला व पुढच्याच वर्षीं ते बर्लिनला गेले. तेथें पस्तीस वर्षें त्यांचें बिऱ्हाड होतें. १९०५ सालीं थेरेझे बेर या गायिकेशीं त्यांचा विवाह झाला. दोघें मिळून शूबर्टचीं गीतें सादर करीत, ती गात, ते साथ करीत. दोन मुलगे झाले, कार्ल उल्रिख व श्टेफान. पहिला वडिलांसारखा पियानोवादक झाला, दुसरा नट. १९२५ पासून कांहीं वर्षें श्नाबेल बर्लिनच्या सरकारी संगीत विद्यालयांत अध्यापक होते.

या काळांत त्यांच्या वागणुकींतील एक गोष्ट सर्वत्र बोलली जाई. कार्यक्रम संपल्यावर लोकांनीं कितीहि टाळ्या वाजविल्या तरी ते एकहि अधिक तुकडा वाजवीत नसत. टाळ्या म्हणजे झालेल्या कामाची पावती आहे, नव्या मालाची मागणी नव्हे, असें त्यांचें म्हणणें. तसेंच कार्यक्रमाच्या उत्तरार्धांत लोकांना रिझविण्यासाठीं हलकेंफुलकें कांहीं ठेवावें ही रूढीहि त्यांनीं मोडली. त्यांचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच जड असे. कितीहि चांगलें वाजविलें तरी ज्याच्या उंचीला वादक पोंचूं शकत नाहीं असेंच संगीत ते हातीं घेत. मला वाटतें, ते थोडे हट्टीच होते. परंतु हट्ट सर्वांत आधीं स्वतःशीं होता, म्हणून तो शोभून गेला.

१९२७ सालीं बीथोव्हेनच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं. त्या निमित्तानें श्नाबेल यांनीं बर्लिनमध्यें सात कार्यक्रमांत बत्तीसहि सोनाटे वाजविले. त्याच सुमारास त्यांनीं या सोनाट्यांची एक सटीप आवृत्तिहि प्रसिद्ध केली. तींत कोणत्या स्वरावर कोणतें बोट ठेवावें इथपासून खुलासे आहेत, आणि त्यांनीं सुचविलेलीं कित्येक बोटें मुद्दाम अवघड आहेत. सोप्या बोटानें स्वर निघतो, पण वाक्य तुटतें. अवघड बोटानें हात अडखळेल, पण वाक्य अखंड राहील, असा त्यांचा हिशेब. या हिशेबाची आठवण वाचकांनीं पुढें ठेवावी.

आतां ग्रामोफोनकडे वळूं. या यंत्राचा विषय निघाला कीं श्नाबेल डोकें हालवीत. कंपन्यांनीं कित्येक वर्षें विनविलें, त्यांनीं नकार दिला. कारण लहरीपणाचें नव्हतें. त्यांची अशी श्रद्धा होती कीं एकच रचना दोन दिवशीं सारखी वाजत नाहीं व वाजूंहि नये. आज सुचलेलें उद्यां सुधारावें, यांतच वादकाचें जिणें आहे. यंत्र एका दिवसाचें वाजविणें पकडून गोठवितें आणि तेंच कायमचें म्हणून जगापुढें ठेवितें. शिवाय सभागृहांत बसलेला श्रोता त्यांना दिसे. तबकडी ऐकणारा कोठें, कोणत्या मनःस्थितींत, जेवतां जेवतां कीं गप्पा मारतां मारतां ऐकत असेल, याचा पत्ता नाहीं. ज्या माणसानें टाळ्यांसाठीं वाकण्याचें नाकारलें त्याला ही गोष्ट रुचणें शक्य नव्हतें.

शेवटीं त्यांचें मन वळविणारा माणूस भेटला. त्याचें नांव फ्रेड गाइसबर्ग. हें नांव आपल्या देशांतहि अनोळखी नाहीं. हाच अमेरिकन गृहस्थ १९०२ सालीं यंत्र घेऊन कलकत्त्यास उतरला होता व त्यानें गौहरजान या गायिकेच्या तबकड्या काढिल्या होत्या. हिंदुस्थानांतील ध्वनिमुद्रणाचा इतिहास तेथूनच सुरू होतो. तीस वर्षांनंतर तो लंडनच्या हिज् मास्टर्स व्हॉइस कंपनींत होता. त्यानें श्नाबेल यांना सांगितलें कीं निवडक लोकप्रिय तुकडे नकोत, सगळेच्या सगळे बत्तीस घेऊं. अर्धवट कामास नाहीं म्हणणारा माणूस पुष्कळदां पूर्ण कामास होकार देतो, हें त्यानें ओळखलें असावें.

परंतु एवढ्या तबकड्या घेणार कोण? युरोप-अमेरिकेंत ते मंदीचे दिवस होते. त्यावर कंपनीनें अशी युक्ति काढिली कीं बीथोव्हेन सोनाटा सोसायटी या नांवानें आगाऊ वर्गणीदार जमवावे आणि त्यांच्या पैशांतून एकेक संच काढीत जावें. आपल्याकडे जुने ग्रंथकार पुस्तक छापण्यापूर्वी वर्गणीदारांची यादी करीत, त्याच जातीची ही व्यवस्था. येथें एक गंमतीची गोष्ट सांगून ठेवितों. त्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत, आणि ती लाख मुख्यतः हिंदुस्थानांतून जाई. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारा एक इवलासा किडा ती तयार करितो; आपल्या आयाबहिणींच्या हातांतल्या लाखेच्या बांगड्याहि त्याच्याच कृपेच्या. म्हणजे व्हिएन्नाच्या बहिऱ्या रचनाकाराचें संगीत जगभर नेण्याच्या कामीं आपल्या रानांतल्या किड्याचाहि हात लागलेला आहे.

जानेवारी १९३२ मध्यें लंडनच्या ॲबी रोडवरील नव्या मुद्रणगृहांत श्नाबेल बेख्श्टाइन पियानोपुढें बसले. त्या वेळची पद्धत आजच्या मुलांना कल्पनेनेंच पाहावी लागेल. शेजारच्या खोलींत मेणाची जाड चकती फिरत असे. वादकाच्या स्वरांनीं हालणारी सुई त्या मेणांत बारीक चर कोरीत जाई. एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आंतबाहेर मजकूर मावे. चर कोरला गेला कीं तो पुसतां येत नसे, मधलाच एखादा स्वर बदलतां येत नसे. चुकलें तर सारी बाजू नव्या मेणावर पहिल्यापासून. कोरलेलें लगेच ऐकून पाहावें म्हटलें तर ऐकतांना तें मेण खराब होई, म्हणून तें पुढें तबकडी छापण्याच्या कामाचें राहत नसे. पसंत पडलेल्या मेणावरून धातूचा ठसा घ्यावयाचा, आणि त्या ठशानें लाखेच्या तबकड्या दाबून काढावयाच्या, असा तो क्रम होता.

पंधरा-वीस मिनिटांचा विलंबित खंड असेल तर त्याचे चार-पांच तुकडे करावे लागत. एक तुकडा संपला कीं थांबावयाचें, नवें मेण लागेपर्यंत बसावयाचें, आणि मग त्याच लयींत, त्याच भावनेंत पुढचें वाक्य उचलावयाचें. प्रार्थना म्हणतां म्हणतां मध्येंच कोणी थांबवावें आणि पांच मिनिटांनीं पुढें चालूं करावयास सांगावें, तसेंच कांहीं हें झालें. श्नाबेल यांना या कामानें अतिशय मनस्ताप झाला. मेण फिरूं लागलें कीं सभागृहांत कधीं न वाटणारी भीति वाटे, आणि दिवसाच्या अखेरीस ते निराश होऊन घरीं परतत.

आमच्याकडील एक उदाहरण येथें आठवतें. याच दशकांत, १९३४ ते १९३६ च्या सुमारास, मिरजेस राहणारे किराना घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीम खां यांनींहि तबकड्या दिल्या. त्यांना तर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेंच मिळत, आणि मैफलींत तासभर चालणारा राग तेवढ्यांत बसवावा लागे. परंतु गवयाला राग आटोपशीर करण्याची मुभा असते; तो आपल्या मनानें आलाप कमी करूं शकतो. श्नाबेल यांना बीथोव्हेनचा एक स्वरहि गाळण्याची मुभा नव्हती. दोघांनाहि यंत्रानें अडचणींत घातलें, पण दोघांच्या अडचणी निराळ्या होत्या. खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या तबकड्या आज ऐकतांना घाई जाणवत नाहीं, हें मला नेहमीं आश्चर्याचें वाटत आलें आहे.

काम चालूं असतांनाच श्नाबेल यांचें घर गेलें. १९३२-३३ च्या हिंवाळ्यांत ते बर्लिनमध्यें पुन्हां एकदां सर्व बत्तीस सोनाट्यांची मालिका वाजवीत होते. जानेवारी १९३३ मध्यें हिटलर अधिकारावर आला. यहुदी कलावंतांना सभागृहें बंद होऊं लागलीं. जो माणूस तीन दशकें त्या शहराला बीथोव्हेन ऐकवीत आला, तो त्या नव्या राज्यकर्त्यांच्या लेखीं परका ठरला. आणि तेच राज्यकर्ते बीथोव्हेनच्या नांवाचा उदोउदो करीत होते. श्नाबेल यांनीं मालिका पुरी केली व त्याच वसंतांत बर्लिन सोडलें. ते पुन्हां जर्मनींत कधींहि वाजवावयास गेले नाहींत, युद्ध संपल्यावरहि नाहीं.

त्यानंतरचें त्यांचें घर म्हणजे इटलींत कोमो सरोवराच्या कांठचें त्रेमेत्सो हें गांव. उन्हाळ्यांत तेथें देशोदेशींचे शिष्य जमत. एकाचा धडा चालूं असतां बाकीचे भोंवतीं बसून ऐकत, त्यामुळें प्रत्येकाला सर्वांचे धडे मिळत. लिओन फ्लायशर नांवाचा नऊ-दहा वर्षांचा अमेरिकन मुलगा १९३८ सालीं तेथें दाखल झाला. पुढें तो स्वतः विख्यात वादक व गुरु झाला आणि २०२० सालीं, ९२ व्या वर्षीं वारला. त्रेमेत्सोहून श्नाबेल ठरलेल्या दिवसांत लंडनला जात, ॲबी रोडवर कांहीं बाजू कोरून देत, आणि परत येत. स्वतःचा देश उरला नव्हता. बीथोव्हेनचें काम तेवढें सुटलें नव्हतें.

१९३५ च्या नोव्हेंबरांत सर्वांत अवघड सोनाट्याची पाळी आली. एकोणतिसावा, हॅमरक्लाव्हिअर या नांवानें ओळखला जाणारा. तो पाऊण तासाच्या आसपास चालतो. बीथोव्हेननें लय मोजण्याच्या मेट्रोनोम यंत्रावरून त्याची गति आंकड्यांत लिहून ठेविली आहे, आणि पहिल्या खंडाचा तो आंकडा इतका मोठा आहे कीं बहुतेक वादक तो लेखनदोष समजून किंवा तसें निमित्त करून हळू वाजवितात. श्नाबेल यांनीं तसें केलें नाहीं. बीथोव्हेननें लिहिलें आहे तर तें खरें मानून चालावयाचें, या निश्चयानें ते त्या गतीच्या अगदीं जवळ गेले. परिणाम काय झाला तो तबकडींत आहे. बोटें कांहीं ठिकाणीं धडपडतात, स्वरांचे घोस एकमेकांत मिसळतात, एखादा स्वर अजिबात निसटतो. हळू वाजवून ते हा खंड निर्दोष करूं शकले असते. नुकत्याच शिकलेल्या विद्यार्थ्यालाहि ही वाट दिसते. त्यांना दिसली नसेल असें होत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे पालक पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत कामाला आहेत. त्यांना मी हें सांगितलें तर ते काय म्हणतील तें मला ठाऊक आहे. गाडीचा एखादा भाग मापांत केसभर चुकला तरी तपासणीवाला तो रिजेक्टच्या पेटींत टाकितो, आणि तेंच बरोबर आहे. त्या केसभर चुकीवर रस्त्यानें जाणाऱ्या माणसाचा जीव टांगलेला असतो. मग श्नाबेल यांचा माल पास कसा झाला? याचें उत्तर मला असें दिसतें. गाडीच्या भागांत माप हेंच सर्वस्व आहे. सोनाट्यांत स्वर हें माप खरें, परंतु त्या स्वरांतून जें बोलावयाचें आहे तें निराळें. श्नाबेल यांनीं दुसऱ्याची तपासणी अधिक कडक केली, आणि तींत उतरलें तें ठेविलें. कोणी म्हणेल कीं ही चुकांची वकिली झाली. तसें नाहीं. आळसानें झालेली चूक व जिवापाड ओढ घेतांना झालेली चूक, या दोहोंचा आवाजच वेगळा असतो. ज्यांना खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनीं याच संचांतील विलंबित खंड ऐकावे, विशेषतः बत्तिसाव्या सोनाट्याचा शेवट. तेथें लय इतकी संथ आहे कीं एका स्वराहून दुसऱ्याकडे जातांना ऐकणारा श्वास धरून बसतो, आणि तरी धागा कोठें सैल पडत नाहीं. तेथें घाई नाहीं, धडपड नाहीं. जो हात हें करूं शकतो त्याला निर्दोष वाजवितां येत नव्हतें, हें कोणी म्हणूं नये.

संच प्रसिद्ध होत गेले आणि कंपनीच्या अपेक्षेपलीकडे खपले. ज्या गांवीं श्नाबेल कधीं गेले नाहींत, जेथें चांगला पियानोसुद्धां नव्हता, अशा ठिकाणच्या लोकांनीं आयुष्यांत पहिल्यानें बत्तीसहि सोनाटे ऐकले ते या तबकड्यांवरून. नंतर त्यांनीं शूबर्टचे शेवटचे मोठे सोनाटेहि मुद्रित केले. लहानपणीं गुरूंनीं हातांत दिलेले तेच.

१९३९ सालीं युद्धाच्या तोंडावर ते अमेरिकेस गेले व १९४४ सालीं तेथील नागरिक झाले. मिशिगन विद्यापीठांत त्यांनीं अध्यापन केलें. १९४५ सालीं शिकागो येथें त्यांनीं विद्यार्थ्यांपुढें आपल्या आयुष्याविषयीं व्याख्यानें दिलीं. तीं त्यांच्या पश्चात् १९६१ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. फार थोड्यांना ठाऊक आहे कीं ते स्वतः रचनाकारहि होते. तीन सिंफनी, पांच तंतुवाद्यांचे चौकडे व इतर पुष्कळ लेखन त्यांनीं केलें. गंमत अशी कीं मैफलींत जुन्या आचार्यांना धरून राहणारा हा माणूस लिहावयास बसला म्हणजे इतकें नवें लिही कीं त्याच्या चाहत्यांनाहि तें पचत नसे. तें संगीत आज क्वचितच वाजविलें जातें.

वृद्ध आई एर्नेस्टिन मात्र व्हिएन्नामध्येंच राहिली होती. ऑस्ट्रिया १९३८ सालीं हिटलरच्या राज्यांत सामील झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें, वयाच्या ८३ व्या वर्षीं, तिला धरून टेरेझिनच्या छावणींत नेण्यांत आलें, आणि दोन महिन्यांत तेथें ती वारली. ज्या घरांत क्लारेचा धडा तिच्या धाकट्यानें वाजवून दाखविला त्या घराची ती मालकीण. श्नाबेल यांनीं ऑस्ट्रियांतहि पुन्हां पाऊल ठेविलें नाहीं.

युद्धानंतर ते उन्हाळ्यांत युरोपांत येत, लंडनला वाजवीत, स्वित्झर्लंडांत विश्रांति घेत. १९५० सालीं लंडनमध्यें त्यांनीं शेवटच्या कांहीं तबकड्या दिल्या. प्रकृति ढासळत चालली होती. १५ ऑगस्ट १९५१ रोजीं, आपण आपल्या स्वातंत्र्याचा चौथा वाढदिवस पाळीत होतों त्या दिवशीं, स्वित्झर्लंडमधील आक्सेनश्टाइन येथें ते ६९ व्या वर्षीं वारले. श्विझ गांवच्या स्मशानभूमींत त्यांना पुरलें आहे.

लाखेच्या तबकड्या गेल्या. मग लांब वाजणाऱ्या आल्या, मग कॅसेट, मग चकचकीत सीडी. प्रत्येक वेळीं श्नाबेल यांचें हें काम नव्या रूपांत पुन्हां निघालें. पूर्वी पांच बाजूंवर तोडलेला खंड आतां एकसंध जोडलेला ऐकूं येतो. जोड कोठें आहे तें शोधूनहि सांपडत नाहीं, इतकी त्या माणसानें लय राखिली होती. २०१८ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत या संचाचा समावेश केल्याचें जाहीर केलें. आतांच्या यंत्रांनीं जुन्या तबकडीची खरखर काढून टाकितां येते. चुकलेला स्वर बदलून बरोबर स्वर बसविणेंहि आतां अशक्य राहिलेलें नाहीं.

सहामाही परीक्षेनंतर एका शनिवारीं मीं नववीच्या त्या मुलांना सभागृहांत बसवून हॅमरक्लाव्हिअरचा पहिला खंड ऐकविला. आधीं कांहींच सांगितलें नव्हतें. दोन मुलांनीं एकदम माना वर केल्या व एकमेकांकडे पाहिलें. स्वर निसटला तें त्यांच्या कानांनीं टिपलें होतें. खंड संपल्यावर कोणी बोललें नाहीं. मग स्वागतगीताची साथ करणाऱ्या मुलानें उठून पियानोवरचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खालीं उतरविले.